वरवंट्याचे कान

भांडुपच्या सुनंदा पेडणेकरांनी कंसाच्या गालाला खळी पाडली आणि तिथून त्यांचा धंदा जो चालला तो चाललाच.

त्याआधी त्या आणि त्यांचे यजमान शिवदास थर्माकोलची मखरं करायचे. थर्माकोलवर बंदी आली तसे शिवदास कपाळाला हात लावून बसले. सुनंदाबाई बसल्या नाहीत. त्यांनी सनबोर्ड आणला, फेल्टचं रंगीबेरंगी कापड आणलं आणि बारशाची, वाढदिवसाची डेकोरेशनं घ्यायला सुरुवात केली. हल्लीच्या आयांना सगळं कसं क्यूट लागतं. पौराणिक तर हवं, पण पोरगं दचकता कामा नये. आता आपल्या पुराणांत पोरगं दचकणार नाही अशी गोष्ट शोधायची म्हणजे झालंच की! कुठे बापच पोराचं मुंडकं उडवतो, कुठे सख्खी आत्या भाच्याला मांडीवर घेऊन आगीत बसते. सुनंदाबाईंनी सरसकट सगळ्यांना गुलाबी गाल लावले.

मुलुंडच्या एका नर्सरीला त्यांनी नरसिंह करून दिला. तो हिरण्यकशिपूला मांडीवर आडवा घेऊन पोटाला गुदगुल्या करतोय आणि हिरण्यकशिपू खदाखदा हसतोय. नखांना जांभळं नेलपॉलिश. पूतनेच्या हातात दुधाची बाटली, बाटलीवर अस्वल. होलिकेच्या आगीलासुद्धा डोळे आणि हसरं तोंड.

"अगो, ह्यो राक्षस आसा की टूथपेस्टची जायरात?" शिवदास एकदा म्हणाले.

"तुम्ही गप गज कापा," सुनंदाबाई म्हणाल्या.

गज बंदिशाळेचे. बारशाला सगळ्यात जास्त मागणी कृष्णजन्माला. बंदिशाळेचे गज गुलाबी-पांढऱ्या पट्ट्यांचे, त्यांना फुगे, कुलूप बदामाच्या आकाराचं, बाहेर खळीवाला कंस. देवकीची आधीची सहा पोरं याच गृहस्थाने दगडावर आपटून मारली, तेवढं सुनंदाबाई गाळायच्या. विचारतंय कोण?

डेकोरेशनबरोबर त्या एक वरवंटाही घेऊन जायच्या. बारशाला बाळाच्या आधी वरवंट्याचा मान. त्याला टोपडं घालायचं, कुंकू लावायचं आणि पाळण्याच्या खालून-वरून एकीने दुसरीला द्यायचा, मग बाळ. आता मिक्सरच्या घरांत वरवंटा कुठला सापडायला! म्हणून हा फिरता वरवंटा. सुनंदाबाईंनी त्याच्या टोपड्यालाच डोळे, पापण्या आणि गाल शिवले होते. लोक सेल्फी काढायचे.

मुलुंडला रेवतीच्या मुलाच्या बारशासाठी त्या भिंतीचं माप घ्यायला गेल्या. रेवती बाळाला खांद्यावर घेऊन मोबाइलवर बंदिशाळेचे फोटो बघत होती.

"ताई, यात बाकीची कुठे आहेत?"

"कोण बाकीची?"

"कृष्णाच्या आधीची. सहा जणं."

इतक्या वर्षांत सुनंदाबाईंना हे कोणी विचारलं नव्हतं. "त्यांचं क्यूट नाही होत हो," त्या म्हणाल्या.

"रेवती, शुभकार्य आहे. नको ते काढू नकोस," सासूबाई, म्हणजे क्षमाबाई, म्हणाल्या आणि चहा बघायला आत गेल्या.

रेवतीने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "आमची पहिली मुलगी बारशाच्या आधीच गेली. पाळणा आणून ठेवला होता. नाव ठरलं होतं, ठेवायचं राहिलं. आता घरात कोणी तिचं नाव काढत नाही. काढणार कसं, नाव तर हवं ना! त्या दिवशी ती कुठेतरी असायला हवी, एवढंच म्हणतेय मी."

"वरती सहा चांदण्या लावते," सुनंदाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "कोणाला कळणार नाही."

"कळणार नाहीत तर लावायच्या कशाला?"

"चांदण्यासुद्धा नकोत," क्षमाबाई चहा घेऊन आल्या होत्या. विषय संपला.

सुनंदाबाईंना वाईट वाटलं, अगदी पोटातून वाईट वाटलं. पण घरच्या मोठ्या बाईने नको म्हटलेलं बारशात लावायचं, म्हणजे उद्या पोराला साधी सर्दी झाली तरी खापर आपल्याच माथ्यावर. विषय बदलायला म्हणून त्यांनी पिशवीतून वरवंटा काढून दाखवला. रेवतीने तो मांडीवर घेतला, उलटसुलट करून पाहिला.

"याला कान नाहीत?"

"अगं, दगडाला कसले कान?"

रेवतीने तो परत दिला.

घरी आल्यावर सुनंदाबाईंनी सगळी कामं बाजूला सारून फेल्टचे दोन कान कापले आणि टोपड्याला शिवायला घेतले.

"वरवंट्याक कान कित्याक?" शिवदासांनी विचारलं.

"ऐकायला."

बारशाच्या दिवशी हॉल भरला होता. कंस हसत होता, फुगे डुलत होते. वरवंटा पाळण्याखालून गेला, वरून आला आणि फिरत फिरत रेवतीच्या हातात पडला. तिने तो पुढे द्यायचा होता. दिला नाही. मांडीवर घेतला, टोपडं नीट केलं, फेल्टच्या कानाला तोंड लावलं आणि म्हणाली, "कुर्रर्र."

"वहिनी, ते माझं काम आहे ना?" बाळाची आत्या म्हणाली. दोघी-तिघी हसल्या आणि मग त्यांच्या लक्षात आलं. वाट लागली, सुनंदाबाई मनात म्हणाल्या. कान आपणच शिवले होते.

क्षमाबाई पाळण्याला वळसा घालून रेवतीपाशी आल्या.

"काय ठेवलंस?"

"रेणुका."

"मोठ्याने सांग. बारशात नाव सगळ्यांना सांगतात."

"रेणुका," रेवती मोठ्याने म्हणाली आणि तिला रडू कोसळलं.

कानात नाव सांगणारीच्या पाठीत धपाटे घालायचे, ही आपल्याकडची रीत. क्षमाबाईंनी मूठ वळली आणि सुनेच्या पाठीत एक धपाटा घातला. तो काही नीट बसला नाही. मग दुसरा घातला. मग सगळ्या बायका उठल्या आणि कोणी डोळे पुसत, कोणी नाक ओढत, सगळ्यांनी मिळून रेवतीला यथासांग बडवलं. क्षमाबाईंनी वरवंटा पाळण्यात निजवला, दोन झोके दिले, मग एका कडेला सरकवून बाळाला जागा करून दिली.

पंगत उठल्यावर सुनंदाबाई आवरायला लागल्या. फुगे सोडले, गज उतरवले, कुलूप काढलं. पाळण्यातला वरवंटा उचलून त्या पोत्यात घालणार, तर क्षमाबाईंनी त्यांचा हात धरला.

"अहो, रेणुकाला असं पोत्यात नका घालू."

सुनंदाबाईंनी वरवंटा त्यांच्या हातात दिला. मग कंसाला पोत्यात घातलं आणि पोत्याचं तोंड बांधलं.