पाचव्या पट्टीपुढचा सूर

राहुरीचे मोझेस उजागरे साखर कारखान्यात फिटर होते. तेहतीस गळीत हंगाम त्यांनी ऊस पिळणाऱ्या रोलरांजवळ काढले आणि त्या घणघणाटात कान घालवले. आधी चिमण्यांची चिवचिव गेली, मग कुकरची शिट्टी, मग बायकोची, एस्तेरवहिनींची, हाक. जाड, खालचे आवाज तेवढे राहिले. तरुणपणापासून ते चर्चमध्ये बेस गिटार वाजवत. "देवानं माझ्यापुरतं ठेवलं," असं म्हणायचे.

निवृत्तीनंतर त्यांना जुन्या बेस गिटारी जमवायचा नाद लागला. माझी त्यांची ओळख त्यातूनच झाली. माझं नाव श्रीमंत; घोडेगावात माझं मंडप आणि साउंडचं काम. एके काळी मीही ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचो. आमचा नऊ जणांचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. कुणी जुनी, वेगळी गिटार घेतली की फोटो टाकायचे, वाजवून ऐकवायची. मोझेसभाऊ सगळ्यांत परखड. माझ्या एका गिटारीवर त्यांनी लिहिलं होतं, "श्रीमंत, आंधळ्यानं घेतली काय? दांडी वाकलीय." मी दोन दिवस रुसलो. मग राहुरीला गेलो, तर त्यांनी चहा होईपर्यंत ती सरळ करून दिली.

गेल्या नोव्हेंबरात नेवाशाच्या पुंजारामने आपला लग्नाचा बँड मोडला. त्याच्याकडची जपानी बेस गिटार मोझेसभाऊंनी घेतली. पन्नासेक वर्षांची, थेंबाच्या आकाराची, मोरपंखी. तारांखाली रबराची गादी. ती उचलून तारांना टेकवली की आवाज दबका व्हायचा. अशी गिटार आमच्यापैकी कुणी पाहिलीच नव्हती. दिवसभर ग्रुपवर तोच विषय. संध्याकाळी त्यांनी एक गीत वाजवून पाठवलं.

मी ते मोठ्या स्पीकरवर लावलं. दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपैकी चौथ्या पट्टीपर्यंत ठीक होतं. पाचवीपुढे प्रत्येक सूर चढा. दांडी डोळ्यांना दिसणार नाही इतकी वाकली होती, तारा जिच्यावर टेकतात ती घोडी सरकली होती. मोकळ्या तारा त्यांनी ट्यूनरच्या दिव्याकडे बघून जुळवल्या असणार, म्हणून त्यांना सगळं बरोबर वाटलं. खालचे आवाजही गेले, हे मला तेव्हाच कळलं.

मी लिहिलं, "लई भारी, भाऊ." खाली सात अंगठे आले.

नाताळात ती गिटार त्यांनी चर्चमध्ये नेली. पहिल्याच गीताला गाणाऱ्या पोरी गोंधळल्या, कीबोर्डवाला वळून बघू लागला. मोझेसभाऊ डोळे मिटून वाजवत होते. दुसऱ्या गीताआधी कुणीतरी हळूच त्यांच्या अॅम्प्लिफायरची वायर काढली. त्यांना कळलं नाही. उरलेली चारही गीतं त्यांनी तशीच, मनापासून वाजवली. शेवटी गिटार ठेवायला वाकले, तेव्हा जमिनीवर पडलेली वायर दिसली.

हे मला एस्तेरवहिनींनी फोनवर सांगितलं. "भाऊ, तीन दिवस झाले, ते जेवणाला बसतात आन् घास न घेता उठतात."

मी गेलो. मोझेसभाऊ ओट्यावर बसले होते. माझ्या ओठांकडे बघत त्यांनी विचारलं, "ग्रुपवर टाकलं, तवाच बेसूर ऐकलं हुतंस तू?"

"व्हय."

"सगळ्यांनी?"

मी होय म्हणून मान हलवली.

"मी तुमाला तोंडावर सांगत आलो, श्रीमंत. कुनाची गय केली न्हाई. आन् माझ्या वेळेला तुमाला दया आली व्हय रे?"

मी गिटार मागून घेतली. दांडीच्या आतली सळई आवळली, घोडी मागे घेतली. एकेक तार तपासत गेलो. ते गिटारीच्या लाकडावर तळवा ठेवून बसले होते. तासाभराने मी म्हणालो, "झालं. आता बरोबर बोलतीय."

त्यांनी लाकडावरचा तळवा उचलून घेतला. "आता तरी खरं सांगतोस का?"

मी शपथ घेतली. त्यांनी एस्तेरवहिनींकडे पाहिलं. दारात उभ्या असलेल्या वहिनी रडवेल्या झाल्या. "मला त्यातलं काय कळतंय?" एवढंच त्या बोलल्या. मोझेसभाऊंनी गिटार पुसली, पेटीत ठेवली, कड्या लावल्या आणि मला म्हणाले, "चहा घेऊन जा."

घरी येऊन मी ग्रुपवर सगळं लिहिलं. आठही जणांनी वाचलं.

मोझेसभाऊ आता वाजवत नाहीत. रविवारी चर्चला जातात, मागच्या बाकावर बसतात. एस्तेरवहिनी गीतांचं पुस्तक दोघांच्या मध्ये धरतात आणि लोक गात असतील त्या ओळीखालून बोट फिरवत राहतात. ते बोटाकडे बघत ओठ हलवतात.