तीन पावलं मागे, दोन डावीकडे

सकाळी सव्वासहाला फोन वाजला. मखमलाबादला काकांच्या शेजारी झेंडू पिकवणाऱ्या सोनवण्यांचा. "ताई, लवकर या. भाऊ उठंना." माझ्या कानात 'भाऊ' शिरलंच नाही. ब्याऐंशीचे काका, अर्धांगवायूने खुर्चीला खिळलेले... रिक्षात मी त्यांच्यासाठीच रडत होते. दारातून पाहते तर काका चाकाच्या खुर्चीत, आणि पलंगावर त्यांचा मुलगा, माझा चुलतभाऊ शिरूदादा. चोपन्नाव्या वर्षी झोपेतच हृदय बंद पडलं. महिना झाला, पण त्या चुकीच्या रडण्याची मला अजून लाज वाटते.

दादा कॅनडात व्यावसायिक फुटबॉल खेळायचा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर गोल चेंडू येतो. हा वेगळा. चेंडू छोट्या पपईएवढा, दोन्ही टोकांना निमुळता. तो पोटाशी धरून पळायचं आणि धिप्पाड माणसं अंगावर घ्यायची. आमचा दादा त्यातला लाथ मारणारा. दोन उंच खांबांमधून चेंडू धाडायचा, एवढंच त्याचं काम. गेला होता इंजिनिअर व्हायला, पण तिसऱ्या वर्षी कॉलेज सोडून संघात शिरला आणि सात मोसम खेळला. काकांनी बोलणं टाकलं. "लाथा मारून पोट भरतो," एवढंच नातेवाइकांना सांगायचे. दादाची पत्रं यायची ती काकूच्या नावाने, खेळाचे नियम आकृत्यांसकट समजावणारी. काकूला त्यातलं ओ की ठो कळत नसे, पण पत्र आलं की पोस्टमनला चहा मिळायचा.

काकू गेली. मग तीन वर्षांपूर्वी काकांना झटका आला, तेव्हा दादा तिथलं सगळं आवरून परतला. ओट्यावर बॅगा ठेवल्या, तीन पावलं मागे गेला, दोन डावीकडे सरकला आणि मग आत शिरला. मला हसू आलं. "लाथ मारायच्या आधीची सवय गं," तो म्हणाला. "घाबरलो की पाय आपोआप जातात." काकांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. पुढे अंघोळ, जेवण, औषध सगळं त्याच्या हातून घेत, पण शब्द नाही. हो-नाही माझ्यामार्फत. मला दोघांचाही राग यायचा.

गेल्या हिवाळ्यात दादाने मागच्या मोकळ्या प्लॉटमध्ये दोन बांबू रोवले. "एकदा बघू देत त्यांना... मग नाही बोलले तरी चालेल." काकांची खुर्ची मी मागच्या दारात आणली आणि चेंडू एका बोटाने उभा धरून उकिडवी बसले.

"माझं बोट मोडलं तर?"

"आजवर एकाचंच मोडलंय."

तीन मागे, दोन डावीकडे. धावताना त्याचा जुना गुडघा लचकला. चेंडू बांबूंच्या बाहेरून, कुंपणावरून थेट सोनवण्यांच्या झेंडूत. दादा मान खाली घालून उभा राहिला. तेवढ्यात मागून जड जिभेने कुणी बोललं, "मागच्या हद्दीपार गेला ना? मग... एक धर."

त्या खेळात नेम चुकला तरी चेंडू मागच्या हद्दीबाहेर गेला तर एक गुण मिळतो. आमच्या घरात हे फक्त काकूच्या पत्रांत लिहिलेलं होतं.

दादा लंगडत आला. "पत्रं वाचलीत तुम्ही?"

"सगळी," काका म्हणाले. "तिच्याआधी."

त्यानंतर आठ महिने दोघं बोलले. बहुतेक भांडलेच, चहात साखर किती यावरून. मला ते ऐकायला फार आवडायचं.

दादाच्या तेराव्यानंतर काका म्हणाले, "मागच्या प्लॉटमध्ये ने." जिथे तेव्हा चेंडू धरला होता, तिथे मी खुर्ची थांबवली. "मागे घे... तीन. आता डावीकडे... दोन." मी घेतली. समोर दोन बांबू, पलीकडे पिवळाधमक झेंडू. काकांनी डोळे बारीक केले.

"इथून तर खांब केवढेसे दिसतात," ते म्हणाले. "मी म्हणायचो, लाथा मारतो."

आता रोज संध्याकाळी मी त्यांना तिथे नेते. पावलं मोजायला लागत नाहीत, मातीत चाकांच्या चाकोऱ्या पडल्यात.