तळहाताने थोपवलेला रेडा

गुइयांग या चिनी शहरातल्या एका औषधांच्या दुकानात रुइलान काउंटर सांभाळायची. दुपारच्या सुट्टीत मागच्या खोलीत खोक्यांवर बसून ती फोनवर कादंबरी लिहायची. रोज एक प्रकरण, थेट वेबसाइटवर. नवरा सोडून गेल्यापासून घरी बोलायला कुणी नव्हतं, तेव्हा लागलेली ही सवय.

कादंबरीचा नायक होता महागुरू नवमेघ. आपल्या तळहातात वीज आहे अशी त्याची पक्की खात्री. ढग आपोआप पांगले तरी तो डोळे मिटून म्हणायचा, "आभार नकोत." एकदा त्याने उडता नाग नुसता हात उगारून थोपवला. खरं म्हणजे नागाची शेपटी वेशीच्या दारात अडकली होती. साऱ्या गावाला ती दिसत होती, एकट्या गुरूला सोडून. वाचक हसून बेजार झाले.

हा नायक कुठून आला ते फक्त रुइलानला ठाऊक होतं. ती सहा वर्षांची असताना त्यांच्या डोंगरातल्या गावात एक रेडा उधळला. माणसं वाट फुटेल तिकडे पळाली. तिचे वडील, तान देगुई, मात्र वाटेत उभे राहिले आणि त्यांनी हात पुढे केला. रेडा जागच्या जागी थबकला, कारण त्याचा दोर मागे एका खुंटाला अडकला होता. तेव्हापासून देगुई रोज सकाळी खळ्यावर 'पंजाची विद्या' शिकवू लागले. गाव त्यांना तोंडावर "गुरुजी" म्हणायचं आणि पाठ वळली की हसायचं.

नागाचं प्रकरण वाचून म्हाताऱ्या वडिलांचा फोन आला.

"अगं लान, तुझा हा नवमेघ ठार येडा आहे! एवढी मोठी शेपटी दिसेना त्याला? मी खराखुरा रेडा थांबवलाय, ते लिही की!"

"लिहीन, बाबा," ती म्हणाली.

मग वाचक कुरकुरू लागले: पुरे झालं, आता ह्याला खरं कळू दे. वेबसाइटच्या संपादकानेही तेच सुचवलं. रुइलान ते प्रकरण लिहायला बसायची आणि एक ओळ लिहून पुसून टाकायची. शेवटी पितरांच्या सणाला रजा काढून ती गावी गेली.

गावातल्या निम्म्या घरांना कुलपं होती. खळ्यावर वडील एकटेच हात फिरवत होते, समोर चार बदकं. "दुसरा पवित्रा!" ते ओरडले. बदकं चालती झाली.

दोघांनी आईच्या थडग्यावरचं गवत काढलं, रिवाजाप्रमाणे तिच्या नावाने कागदी नोटा जाळल्या. जेवायला बसल्यावर रुइलानच्या तोंडून निघून गेलं.

"बाबा, त्या रेड्याचा दोर खुंटाला अडकला होता. मी बघितला होता."

देगुईंच्या हातातल्या जेवणाच्या काड्या थांबल्या. "एवढीशी होतीस तू."

"आईनेच दाखवला मला."

त्यांनी वाडगा बाजूला सारला. "मांस खारट झालंय," असं म्हणून उठले आणि आत जाऊन पडले.

सकाळी ते बाहेर आलेच नाहीत. रुइलान अंगणात ताटकळली. मग खळ्यावर गेली आणि लहानपणी शिकवलेलं आठवून हात फिरवू लागली. "पहिला पवित्रा!" ती मोठ्याने म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला.

"डावा पाय!" खिडकीतून आवाज आला. "डावा पुढे, गाढवे!"

थोड्या वेळाने ते चहाचा पेला घेऊन उंबऱ्यावर येऊन बसले. शिकवलं काहीच नाही.

"दोर दाखवताना तुझी आई काय म्हणाली?"

"म्हणाली, कुणाला सांगू नकोस. मग घरी येऊन तिनं तुमच्यासाठी दोन अंडी तळली."

"हं," देगुई म्हणाले. "अंडी आठवतात."

दुपारच्या बसने ती परतली. ते प्रकरण तिने कधीच लिहिलं नाही. वाचक गळत गेले, संपादकाने विचारणं सोडलं, पण नवमेघ चालूच राहिला. देगुई रोज वाचायचे, मात्र त्याच्याबद्दल फोनवर पुन्हा अवाक्षर काढलं नाही. एवढंच विचारायचे, "जेवलीस का?" ती "हो" म्हणायची. मग दोघंही फोन कानाला लावून बसून राहायचे.