कुलूप लावलेला वॉर्ड

नोकरीतले बरेच गुन्हे आता माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत. कुठला पंचनामा कुठल्या गावचा, हे सांगताना गल्लत होते आणि बायको हसते. ही एक घटना मात्र जशीच्या तशी आठवते. ती आठवली की मला नीट झोप लागत नाही, हेही सांगून टाकतो.

हिंगोली जिल्हा वेगळा होऊन थोडीच वर्षं झाली होती. मी तालुक्याच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना फाटकाशी एक जीप येऊन थांबली. मागच्या बाजूला चादरीत गुंडाळलेलं प्रेत होतं आणि त्याच्याभोवती तांड्यावरची माणसं बसली होती. त्यातला तिशीतला एक जण उतरून आत आला. त्याच्या बायकोचं आदल्या दिवशी गावातल्या एका खाजगी सर्जिकल हॉस्पिटलात गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं होतं. सकाळी तो चहा घेऊन गेला तर हृदय बंद पडून ती वारल्याचं त्याला सांगण्यात आलं. त्याला तक्रार लिहून द्यायची नव्हती. त्याने पिशवीतून एक पितळी तांब्या काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला.

"साहेब, ह्यो तांब्या मी कालच नवा घेऊन तिच्या उशाला ठेवला व्हता. ह्याचा काठ बघा. काहून असा झाला?"

काठ एका बाजूने पार चेपून आत गेला होता. हातातून पडलेल्या भांड्याला एखादा पोचा येतो. हा एकाच जागी पुन्हा पुन्हा आपटून आलेला होता.

"तिच्याजवळ कोन व्हतं, एवढंच विचारा त्याहिला," तो म्हणाला. "मला तर राहू दिलं न्हाई."

आमच्या भागात एक माणूस दवाखान्यात पडला की अर्धं घर त्याच्यासोबत असतं. आवारात तीन दगडांच्या चुली पेटतात, कुंपणावर लुगडी वाळतात, खाटेखाली मावशी नाहीतर आत्या झोपलेली असते. डॉक्टर लोक यावर चिडतात, पण रोग्याला हाक मारली की ओ देणारं कोणीतरी असतं. या हॉस्पिटलात मात्र दिवस मावळला की नातेवाइकांना आवाराबाहेर काढत. जंतुसंसर्ग होतो, आमची नर्स रात्रभर बसते, असं सांगत. लोकांना त्याचं उलट कौतुक होतं. मोठ्या शहरासारखी शिस्त आहे म्हणत.

मी आकस्मिक मृत्यूची नोंद घेतली आणि प्रेत शवविच्छेदनासाठी पाठवलं. सरकारी डॉक्टरांना टाक्यांच्या आत रक्तस्राव झालेला आढळला, तोही हळूहळू, बराच वेळ चाललेला. कोणी वेळीच पाहिलं असतं तर बाई वाचली असती, असं ते मला तोंडी म्हणाले. लेखी देताना त्यांनी 'शक्यता नाकारता येत नाही' असं लिहिलं. सरकारी भाषेची मला सवय होती.

त्या रात्री दुसरा रोगी भरती नव्हता, म्हणजे सगळा तपास एका प्रश्नावर येऊन थांबला. रात्री वॉर्डात तिच्याजवळ कोणी होतं की नव्हतं?

सर्जन शांत स्वभावाचा, मऊ बोलणारा माणूस होता. रोज संध्याकाळी मोटारीने जिल्ह्याच्या गावी आपल्या घरी जायचा. त्याने मला सगळं फिरून दाखवलं. भिंतीवर नोंदणीचं प्रमाणपत्र होतं, त्यावर आंतररुग्ण सेवेची, म्हणजे रोगी रात्री ठेवून घेण्याची, परवानगी होती. वॉर्डात ओळीने लोखंडी खाटा होत्या. चादरी इतक्या ताठ ओढलेल्या की त्यांवर कधी कोणी कूस बदलली असेल असं वाटेना. औषधाचा वास होता, माणसाचा नव्हता. मी बरीच इस्पितळं पाहिली आहेत, पण अशी स्वच्छता पाहून माझ्या अंगावर काटा आला होता आणि तेव्हा मला त्याचं कारण सांगता आलं नसतं.

मी आरोग्य खात्याच्या अधिकाऱ्याला विचारलं, आंतररुग्ण म्हणजे नक्की काय पाहता? तो म्हणाला, खाटा, जागा, पाणी, संडास, नर्सची नेमणूक. रात्री ती नर्स असते का, हे पाहायला कोणी जातं का? तो हसला. तपासणी दुपारच्या जेवणाआधी उरकतात, म्हणाला. मला त्या हसण्याचा राग आला, पण तो त्याच्या जागी खरं बोलत होता.

नर्सला मी महिला शिपायासमोर बसवून विचारलं. विशीची पोरगी होती. नाडी पाहिली, पाणी पाजलं, पहाटे धाप लागली, डॉक्टरांना फोन केला, हे तिने मला त्याच क्रमाने तीनदा सांगितलं. घडलेली गोष्ट सांगताना माणूस अडखळतो, मागे जातो, मधलंच काहीतरी आठवून सांगतो. पाठ केलेलं सरळ येतं. पण एवढ्यावर कोर्ट कोणाला शिक्षा देत नाही. मी तिला घरी सोडलं.

वाट दाखवली ती माझ्या हवालदाराच्या एका चेष्टेने. तो म्हणाला, साहेब, त्या दवाखान्यात माणसाचं औषध आणि बाहेर भुताचं, दोन्ही मिळतं. विचारलं तेव्हा त्याने सांगितलं, हॉस्पिटलच्या मागच्या भिंतीला लागून लिंबं, बिब्बे, शेंदूर लावलेले नारळ पडलेले असतात. लोक अंधार पडला की त्या गल्लीतून जात नाहीत. तिथे भानामती आहे म्हणतात.

मी दुसऱ्या दिवशी त्या गल्लीत गेलो. भिंतीला लागूनच एका जोडप्याची पिठाची गिरणी होती आणि मागे त्यांचं घर. दाराला काळी बाहुली टांगलेली होती. लिंबं त्या घरातली बाईच ठेवत होती. पोलीस पाहून ती आधी घाबरली. मी चहा मागितला, इकडचं तिकडचं बोललो, मग ती बोलू लागली. मधूनमधून रात्री भिंतीपलीकडून ठोकल्याचा आवाज येतो. कधी थोडा वेळ, कधी पुष्कळ. पूर्वी तिथे विहीर होती, ती बुजवूनच इमारत उठली. तिने देवऋषी आणला, उतारे केले. आवाज सुरू झाला की ती टेपवर भजनाची कॅसेट लावायची आणि तो वाढला की टेपचा आवाज वाढवायची. लेकरं भितात म्हणून.

"दवाखान्यात जाऊन विचारलं नाही, ताई?"

"कोनाला विचारू, साहेब? तिथं रातच्याला कोनीच ऱ्हात न्हाई. संध्याकाळी नर्सबाई कुलूप लावून जाते की."

हे ती इतकं सहज बोलली की मी तिला ते पुन्हा सांगायला लावलं. ती आणि अख्खी गल्ली ते कुलूप रोज पाहत होती. कुलूप लागलं म्हणजे आत माणूस नाही, असा त्यांचा सरळ हिशेब होता. आणि रिकाम्या घरात आवाज करणारं दुसरं काय असतं?

आदल्या आठवड्यात ती पेशंट बाई गेली त्या रात्रीही ठोकणं झालं होतं का, असं मी विचारलं. ती म्हणाली, व्हय, लई झालं.

मी पंच बोलावले. दुपारी वीज जायची वेळ होती, गिरणी बंद पडली आणि गल्ली शांत झाली. नर्सला आणून पंचांसोबत गिरणीवाल्या बाईजवळ तिच्या ओट्यावर बसवलं. मी तो तांब्या घेऊन वॉर्डात गेलो, मयत बाईच्या खाटेवर आडवा झालो आणि हवालदाराला बाहेरून कुलूप लावून ओट्यावर जायला सांगितलं.

भर दुपार होती, पण काचांना पांढरा रंग दिलेला असल्यामुळे उजेड कुठून येतो ते कळत नव्हतं. शेजारच्या खाटा तशाच ताठ. बोलावण्याची घंटा नव्हती. पोटाला टाके असलेला माणूस मारील तशी हलकी हाक मी मारून पाहिली. ती खोलीतच फिरून माझ्यापर्यंत आली. मग मी काही न करता पडून राहिलो आणि मला भिंतीवरच्या झरोक्यातून ओट्यावरचं बोलणं ऐकू येऊ लागलं. पंच खोकले तेही कळलं. म्हणजे मयत बाईला भजन ऐकू येत होतं. आपण ठोकलं की ते वाढतं, हेही तिला कळलं असणार. मी पोलीस माणूस, प्रेतं पाहून सरावलेला, पण त्या क्षणी मला कोणीतरी यावं आणि दार उघडावं असं फार वाटलं. मी तांब्या खाटेच्या पाइपावर आपटायला सुरुवात केली.

बाहेर काय झालं ते हवालदाराने सांगितलं. दोन-चार ठोके पडले आणि गिरणीवाली बाई उठून उभी राहिली. हाच, म्हणाली. मग भिंतीकडे पाहिलं, साहेब आत गेलेले आहेत हे तिला आठवलं आणि आधी कुलूप काढा, म्हणाली. तिच्याआधी नर्स रडायला लागली होती. सातच्या सुमाराला कुलूप लावून आपण खोलीवर जातो, सकाळी येऊन रात्रीचे कागद भरतो, डॉक्टरांनीच तसं सांगितलं आहे, हे तिने पंचांसमोर कबूल केलं.

आधीचे रोगी शोधले. बहुतेकांना आठवत होतं, आपण हाका मारल्या, खाट वाजवली, कोणी आलं नाही. सकाळी त्यांना सांगितलं जायचं, भुलीच्या औषधाने भास होतात. त्यांनी ते मानलं. शिकलेला माणूस सांगतो म्हटल्यावर लोक स्वतःच्या आठवणीला खोटं ठरवतात, हे मी नोकरीत वारंवार पाहिलं. मोठी ऑपरेशनं करायची तर आंतररुग्ण सेवा हवी, म्हणून त्या सर्जनने खाटा मांडल्या होत्या. रात्रीचा माणूस ठेवणं त्याला गरजेचं वाटलं नाही. आजवर काही झालं नव्हतं, असं तो मला अगदी मनापासून म्हणाला.

खटला उभा राहिला तेव्हा सगळं त्या गिरणीवाल्या बाईच्या साक्षीवर होतं. नर्स आपल्या जबाबावरून फिरली होती. मयत बाईचा नवरा प्रत्येक तारखेला मागच्या बाकावर येऊन बसायचा. साक्षीआधी आवारात त्याने तिला गाठलं आणि विचारलं, कवर वाजवत व्हती ती? मी जवळच होतो. ती म्हणाली, थोडाच येळ, भाऊ. त्याने मान हलवली. त्याला बरं वाटलेलं दिसलं.

तासाभराने सरकारी वकिलाने तिला शपथेवर तोच प्रश्न विचारला. थोडाच वेळ म्हणाली असती तर वाचवायला वेळच नव्हता असं म्हणून सर्जन सुटत होता.  न्यायाधीशांनी प्रश्न पुन्हा वाचायला लावला. मग तिने मागच्या बाकाकडे पाहिलं आणि हात जोडले, कोर्टाला नव्हे, त्याला.

"कोंबडं आरवंस्तोवर," ती म्हणाली.

तो उठला आणि बाहेर गेला. शिक्षेच्या दिवशी तो आला नाही.

त्यानंतर माझी बदली बऱ्याच ठिकाणी झाली आणि अमुक घरात भूत आहे, तमुक वाड्यात आवाज येतात, असं सांगणारे सगळीकडे भेटले. माझ्या हाताखालची पोरं हसायची. मी मात्र दर वेळी स्वतः जाऊन कुलूप काढायला लावलं. बहुतेक वेळा आत उंदीर निघाले. तरी दार उघडेपर्यंत मी बाहेर उभा राहायचो.