आधी बसवा

नितीन आमच्या शिरगावच्या वृद्धाश्रमात आला, तेव्हा त्याने पाणीही मागितलं नाही. पहिलं वाक्य हे : "सिस्टर, माझं डोकं दुखायला लागलं तर मला आडवं करायचं नाय. आधी बसवायचं. लक्षात राहील ना?"

मी हो म्हटलं आणि विसरले.

तो एकतीस वर्षांचा. अंबरनाथला एका कारखान्याच्या पत्र्यावरून पडला आणि छातीखालचं शरीर गेलं. जांभूळ गावच्या घरी आई थकलेली, बहीण सासरी. म्हणून तो आमच्याकडे. बाकी सगळे सत्तरीच्या पुढचे. मऊ भात, संध्याकाळी भजन, आठला दिवे बंद. आम्ही त्यालाही त्याच साच्यात बसवला. तो डंबेल्स मागायचा, झणझणीत कालवण मागायचा. "मी म्हातारा नाय झालोय सिस्टर, फक्त अर्धा बंद पडलोय," म्हणायचा आणि स्वतःच हसायचा.

बीपी घेताना मात्र हसायचा नाही. "कुलकर्णी आजोबांना दीडशे म्हणजे रोजचं. माझं नव्वदच असतं. मला दीडशे म्हणजे धोका. त्यात आडवं केलं तर आणखी चढणार." मला वाटायचं, मोबाइलवर वाचून घाबरतोय.

एका दुपारी त्याने हाक मारली. आवाज वेगळाच होता. चेहरा लालभडक, कपाळावरून घाम ओघळत होता, हातावर काटा. डोकं फुटतंय म्हणाला. बीपी एकशे नव्वद. इतकी वर्षं म्हाताऱ्या माणसांत काढलेली. घाम दिसला की आडवं करायचं, हाताला तीच सवय. मी त्याची उशी काढली.

"मारताय काय मला! बसवा! पाय खाली सोडा! नळी बघा, नळी!"

मावशीला हाक मारून आम्ही दोघींनी त्याला बसवलं. चादर उचलली. लघवीची नळी मांडीखाली दुमडून गेली होती. मी ती सरळ केली, पिशवी भरभर भरू लागली. दहा मिनिटांत बीपी उतरलं. छातीखाली त्याला दुखण्याची जाणीव नव्हती, म्हणून लघवी तुंबल्यावर शरीर अशी बोंब मारत होतं. आधी बसवायचं, हे त्याने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

"टेन्शन नाय," तोच मला म्हणाला. "आता विसरणार नाय तुम्ही."

पावसाळ्यानंतर त्याच्या पाठीची जखम चिघळली आणि मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. रुग्णवाहिकेपाशी त्याने माझी बाही घट्ट धरली. कधी नव्हे तो रडवेला झाला होता. "तिथे मला तापात बोलता आलं नाय तर? कोण सांगणार?" मी पेनाने त्याच्या हातावर ठळक लिहिलं : आधी बसवा. नळी बघा.

नवव्या दिवशी बहिणीचा फोन आला. जखमेचं विष रक्तात भिनून नितीन गेला होता. "तिथे नेल्याच्या दुसऱ्या दिवशी डोकं दुखलं त्याचं," ती म्हणाली. "नर्सने हात वाचला आणि बसवलं. त्या वेळी वाचला होता हो."

गेल्या आठवड्यात सव्वीस वर्षांची एक मुलगी दाखल झाली. मान मोडलेली. आवाज फार बारीक आहे तिचा. मी तिच्या तोंडाजवळ स्टूल ओढलं, वही उघडली आणि म्हटलं, "तुला कशाची भीती वाटते, ते आधी सांग."