यूरीचा नंबर

रांगेत येणाऱ्याने विचारायचं, "शेवटचं कोण?" शेवटच्याने हात वर करायचा, की झालं. मग खुशाल सावलीत जाऊन बसा, तुमची जागा कुणी खात नाही. आमच्या ह्या समुद्रकाठच्या कोहिमार गावात पोरं हे चालायच्या आधी शिकतात. पण ओब्दुलिया बाई शेवटच्या असल्या की हात वर करायच्या नाहीत. म्हणायच्या, "शेवटचा यूरी. माझ्यामागे यूरी आहे."

"कुठंय तो?" एखादा नवखा विचारायचा.

"येतोय."

त्याने पुढे काही बोलायच्या आत मी डोळे वटारायची. माझं तोंड फाटकं आहे हे अख्ख्या गल्लीला ठाऊक, त्यामुळे माझ्या डोळ्यांनाही लोक वचकून असतात.

बाई चौदा वर्षांच्या असताना क्रांती नवी होती. शहरातल्या पोरापोरींना कंदील देऊन डोंगरात पाठवलं, शेतकऱ्यांना लिहावाचायला शिकवायला. बाई गेल्या आणि डोक्यात उवा नि छातीत अभिमान घेऊन परत आल्या. मग इथल्याच शाळेत लागल्या. मला अक्षरं त्यांनीच शिकवली, कान पिरगाळून. नवरा बोटीवरचा मेकॅनिक. ओदेसाला शिकून आला, त्यानेच पोराचं नाव यूरी ठेवलं आणि पोर चालायला लागायच्या आत दुसरीबरोबर सान्तियागोला निघून गेला. रशियन नाव, पण त्या पोराने बर्फ पाहिला तो फ्रिजमध्ये, तोही वीज असेल तेव्हा.

"बाई, तुमच्या क्रांतीने आज तेल आणलं का?" रेशन दुकानातला निकानोर छेडायचा.

"येईल."

"साबण?"

"येईल. तू आधी वजनातून बोट काढ."

सगळी रांग हसायची. बाईंचं हे 'येईल' ऐकलं की मला हसूही यायचं आणि संतापही. कसलं मेलं येईल! त्या एका शब्दावर आमच्या सगळ्यांच्या जवान्या गेल्या. पण बाईंसमोर तसं बोलायची माझी छाती नव्हती. त्यांच्या भिंतीवर तो कंदील टांगलेला असायचा, काच पुसून लख्ख.

मग चौऱ्याण्णवचा ऑगस्ट आला. वीज नाही, साखरपाणी पिऊन झोपायचं. ज्यांना देश सोडून जायचंय त्यांनी जा, असं वरूनच सांगितलं आणि गावात अंगणाअंगणांतून तराफे बांधायला लागले. ट्रकच्या ट्यूबा, दारांच्या फळ्या, दिसेल ते. भर दिवसा, हातोडे वाजवत. बाई त्या अंगणांवरून जायच्या तेव्हा मान वळवायच्या नाहीत. "माझा नाही जायचा," म्हणायच्या.

त्या सकाळी आम्ही पावाच्या रांगेत होतो. मी पुढे, माझ्यामागे बाई. यूरी आला. केस ओले करून बसवलेले, अंगात धुतलेला सदरा. म्हणाला, "आई, माझा नंबर धर. आलोच."

"लवकर ये, पाव संपेल."

त्याने वाकून त्यांच्या कपाळाचा पापा घेतला. "लाडात येऊ नकोस, लोक बघतायत," बाई म्हणाल्या. मी माझ्या कानांनी ऐकलंय हे. पावाच्या नंबरासाठी कुणी आईचा पापा घेतं का? तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला नाही. दुपारी किनाऱ्यावरून बातमी आली. यूरी आणि त्याचे दोन दोस्त तराफा घेऊन गेले होते.

पुढे कुणाकुणाचे फोन आले, समुद्रापलीकडच्या मायामीहून, नाहीतर समुद्रात पकडलेल्यांना ठेवायचे त्या ग्वांतानामोच्या तळावरून. फोन आला की ती आई रस्त्यात येऊन रडायची, हसायची. ह्या तिघांचा कधीच आला नाही. दोस्तांच्या आयांनी वर्ष झाल्यावर पोरांच्या नावाने पाण्याचा ग्लास ठेवला. आपलं माणूस गेलं की आम्ही ठेवतोच, गेलेल्याला तहान लागते. मीही माझ्या घरी, माझ्या आईच्या ग्लासाशेजारी, यूरीसाठी एक ठेवला. पोराला मी खांद्यावर खेळवलेलं, जीव तुटायचा हो. बाई कॉफीला आल्या, ग्लास पाहिला, उचलला आणि मोरीत ओतला.

"जिवंत माणसाला पाणी ठेवतात होय गं?"

पुढे कितीतरी महिने माझ्याशी बोलल्या नाहीत.

बाकी सगळं चालू राहिलं. बाई पावाला उभ्या, कॉफीला उभ्या, आणि मागे यूरीची रिकामी जागा. बाईंचा नंबर झाला की निकानोर रस्त्याकडे बघून हाक मारायचा, "यूरी!" जरा थांबायचा. मग म्हणायचा, "बरं, पुढचा या." माणूस वजनात चोर, पण ही हाक त्याने कधी चुकवली नाही. कुणी हसलं तर त्यालाच रांगेबाहेर काढायचा. आमच्यात बाकी शंभर भांडणं होती, पण यूरीची जागा आम्ही सगळ्यांनी मिळून धरली होती.

अशी पंचवीसेक वर्षं गेली. निकानोर म्हातारा झाला, मेला. मग साथ आली. औषध नाही, पावही रोज नाही, आणि चिकनची गाडी आली की माणसं एकमेकांच्या उरावर. म्हणून रांगेवर एक नवा पोरगा नेमला, हातात पुठ्ठ्याची टोकनं. माणशी एक.

"दोन," बाई म्हणाल्या. "एक यूरीचं." घाईत त्याने दोन दिली, आणि टोकनं संपली.

बाईंमागे देशाच्या पूर्वेकडून नवीनच राहायला आलेली एक पोरगी होती. कडेवर पोर, तापाने फणफणलेलं, ओठ सुकलेले.

"अहो, संपली कशी? पोर आजारी आहे, सूप करायचंय!" ती रडायलाच लागली. "हा यूरी कोण? तासभर उभी आहे, मला तर कुणी दिसला नाही!"

"तोंड सांभाळ," मी ओरडले. "कालची आलीस, तुला काय ठाऊक?"

टोकनवाला बाईंजवळ आला. "आजी, माणूस हजर पाहिजे. यूरी आहे की नाही? काय ते एक सांगा."

"येतोय तो!" मी म्हटलं. "आणि माझं टोकन घे, दे तिला. यूरीच्या टोकनाला हात लावलास तर बघ!"

बाईंनी माझा हात धरला. "राहू दे. तुझ्या घरी चार तोंडं आहेत."

बाईंनी आपलंच टोकन दिलं असतं तरी भागलं असतं, आजही माझ्या मनात येतं. पण पोराने कडेवरून मान उचलली होती आणि ते एकटक बाईंकडे बघत होतं. बाई जन्मात कधी मुलासमोर खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांनी समुद्राकडे उतरणाऱ्या रस्त्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "माझ्यामागे कुणी नाही." आणि यूरीचं टोकन पोरगीच्या हातात ठेवलं. "घे बाळ. सूपात थोडं लिंबू पिळ."

कुणी कुणाकडे बघेना. इतकी वर्षं समुद्राला जे जमलं नव्हतं, ते आमच्या रांगेने केलं.

दुसऱ्या दिवशी बाई पावाला आल्या नाहीत. मी त्यांचा पाव घेऊन गेले. दार उघडंच होतं. भिंतीवर कंदील, त्याखाली टेबलावर यूरीचा फोटो, आणि फोटोपुढे पाण्याचा ग्लास, काठोकाठ भरलेला. बाई हातातल्या जगमधून त्यात आणखी पाणी ओतत होत्या. पाणी टेबलावरून खाली गळत होतं.

"बाई, पुरे," मी म्हटलं. "सांडतंय."

"समुद्राचं पाणी खारट गं," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं तहानलेलं राहिलं माझं पोर. आणि तू ठेवलेलं होतंस, तेही मी ओतून दिलं."