न आलेल्या पत्रांचे मालक

रेडिओ केंद्रातल्या रेकॉर्डिस्ट ताईंना सव्वीस वर्षांच्या नोकरीत एक गोष्ट पक्की कळली होती: लाल दिवा लागला की भल्याभल्यांची वाचा बसते.

त्या सकाळी घड्याळं दुरुस्त करणारे एक आजोबा मुलाखतीला आले. दिवा लागण्याआधी त्यांनी असे किस्से सांगितले, की काचेपलीकडे ताई पोट धरून हसल्या. दिवा लागला आणि आजोबांची दातखीळ बसली. इतकी वर्षं हा धंदा कसा केलात, असं निवेदकाने विचारलं, तर म्हणाले, "केला." तीनदा पहिल्यापासून सुरुवात झाली. शेवटी ताईंनी बल्बच काढून पर्समध्ये टाकला आणि सांगितलं, यंत्र बिघडलंय, तोवर चहा घ्या. टेप मात्र चालू ठेवली.

आजोबा खुलले. पण निवेदकही खुलेल, हे ताईंच्या ध्यानीमनी नव्हतं. तुम्हाला श्रोत्यांची एवढी पत्रं येतात, ती सगळी वाचता का, असं आजोबांनी सहज विचारलं.

"आली तर वाचणार ना," निवेदक म्हणाला. "अकरा वर्षं मीच लिहितोय. ती दर आठवड्याला पत्र पाठवणारी, गच्चीवरच्या खोलीत एकटी राहणारी आजी, तीही मीच."

दुपारी दोनला कार्यक्रम लागायचा होता. आजोबांचे किस्से ओढूनताणून वीस मिनिटं भरले, हवी होती तीस. टेप चालूच होती, हे ताईंनी निवेदकाला सांगून टाकलं.

"लागू द्या सगळंच, माझं बोलणंही," तो म्हणाला. "नाहीतरी ऐकतंय कोण?"

कार्यक्रम तसाच लागला. आठवड्यात त्रेसष्ट पत्रं आली, एकजात संतापलेली. ते पत्र माझं होतं, तुम्ही स्वतःच्या नावावर कसं खपवता? एकाच पत्रावर तर चौघांनी हक्क सांगितला. साहेबांनी निवेदकाला बोलावून खडसावलं, तेही खोटी पत्रं लिहिल्याबद्दल नव्हे, श्रोत्यांची पत्रं ढापल्याबद्दल.

सोमवारी गच्चीवरच्या आजी स्वतःच धापा टाकत जिना चढून आल्या. ताईंनी त्यांना स्टुडिओत बसवलं. निवेदक समोर मान खाली घालून उभा.

"गुडघ्याचं लिहिलंत ते बरोबर," आजी म्हणाल्या. "पण मांजर पांढरं नाही, काळं आहे."

निवेदकाने माफी मागितली, खिशातून वही काढून मांजराचा रंग बदलला आणि हळूच विचारलं, पुढच्या पत्रात काय लिहू?

आजींनी विचार करायला थोडा वेळ मागितला, आणि प्यायला पाणी.